पंपबाई आणि कावीळ झालेली सायकल

पंपबाईंना पंपावरून उचलून खुर्चीवर बसवायचं, हा बेत साहेबांच्या डोक्यात नेमका कधी शिजला याबद्दल पाणीखात्यात दोन मतं आहेत. एक मत असं, की साहेबांच्या मेव्हण्याने पंपहाऊसपुढचा तलाव पाहिला त्या दिवशी. दुसरं मत असं, की साहेबांच्या बायकोने तो आपल्या भावाला दाखवला त्या दिवशी. मेव्हण्याला गळ टाकून बसण्याचा भारी नाद. मासा लागो न लागो, माणूस तासन्‌तास हलायचा नाही. अशा माणसाला तलावाकाठी पगारी जागा मिळाली तर त्याला आणखी काय हवं? अडचण एकच होती. त्या जागेवर सव्वीस वर्षं पंपबाई बसल्या होत्या. म्हणजे बसल्या कुठल्या, उभ्याच होत्या.

बाई चौपन्न वर्षांच्या. अंगाने आटोपशीर, आवाजाने अजिबात नाही. पंपांच्या घरघरीवर मात करत सव्वीस वर्षं बोलल्यामुळे त्यांचा आवाज असा झाला होता, की घरात त्यांनी "मीठ द्या" म्हटलं तर शेजारच्या घरात कुणीतरी बरणी उचलायचं. कान मात्र तिखट. हातभर लांबीचं एक लाकडी दांडकं होतं त्यांच्याकडे. त्याचं एक टोक चालू पंपाच्या बेअरिंगवर टेकवायचं, दुसरं कानाला लावायचं आणि डोळे मिटायचे. "तीन नंबरला आठवड्याभरात ताप येणार," म्हणायच्या, आणि आठवड्याभरात तीन नंबर तापायचाच. साहेब आधी हसायचे, मग मेकॅनिक पाठवायचे.

त्यांची पाळी सकाळी सहाची. सहाला रात्रपाळीचा माणूस घरी जायचा, सव्वासहाला शहराला पाणी सुटायचं, आणि मधल्या पंधरा मिनिटांत नळमार्गात दाब चढवून ठेवायचा. काटा हिरव्या पट्ट्यात गेला नाही तर तिसऱ्या मजल्यावरचे नळ नुसते खाकरतात, थुंकत काहीच नाहीत. बाईंच्या पाळीत नळ कधी खाकरले नव्हते. दाब ही त्यांची अब्रू होती. काटा एक रेघ खाली आला तर त्यांना कुणीतरी भर रस्त्यात आपली वेणी ओढल्यासारखं वाटायचं.

मग पहाटे सव्वापाचची बस बंद झाली. उतारू नाहीत म्हणे. होते की! एक होता, आणि तो रोज होता. पण एका बाईसाठी बस कोण चालवणार? पुढची बस साडेसहाची. आठवड्याच्या आत साहेबांचं पत्र आलं. इतक्या चपळाईने खात्यातून पत्र निघाल्याचं कुणाला आठवत नव्हतं. पत्रात होतं, की पहिल्या तारखेपासून महिन्यात तीन वेळा उशीर झाला, तर संबंधित कर्मचाऱ्याची बदली मुख्य कार्यालयात तक्रार खिडकीवर करण्यात येईल.

तक्रार खिडकी म्हणजे काय ते सगळ्या शहराला ठाऊक होतं. एक लाकडी चौकट, मागे खुर्ची, वर पंखा, आणि पुढे दिवसभर चिडलेली माणसं. पाणी आलं नाही, पाणी गढूळ आलं, पाणी शेजाऱ्याला जास्त आलं. खिडकीतल्या माणसाने "नोंद घेतली" एवढंच म्हणायचं. त्याच्या हातात एक नळही नसतो.

"मी त्या खिडकीत बसले," बाई घरी येऊन म्हणाल्या, "तर पहिली तक्रार मीच करीन."

घरात ऐकणारी दोन माणसं होती. एक बाईंचे यजमान, निवृत्त भूमितीचे शिक्षक. त्यांना सगळे मास्तर म्हणत. दुसऱ्या म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहीण, बाईंच्या वन्सं. या वरच्या मजल्यावर राहायच्या, पण त्यांचा मुक्काम असायचा बाल्कनीत. गल्लीत कोण केव्हा आलं, काय घेऊन आलं आणि येताना तोंड कसं होतं, याची माहिती वन्सं विनामूल्य पुरवत.

"पंखा आहे ना पण खिडकीला?" मास्तर हळूच म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मास्तरांनी चष्मा पुसायला घेतला.

"रिक्षा बघ," वन्सं म्हणाल्या.

"पहाटे पाचला रिक्षावाला झोपेत 'नाही' म्हणतो, वन्सं. मी विचारून आले."

"मग स्कूटर शीक."

"डांबरी रस्त्याने डोंगराला वळसा घालून एकोणीस किलोमीटर, आणि सगळे ट्रक. कालव्याच्या बांधावरून गेलं तर नऊ. पण बांधावर मधे कालव्याच्या दरवाज्यावरचा पूल आहे, त्याला बावीस पायऱ्या. स्कूटर काय डोक्यावर घेऊ?"

"मग?"

"सायकल."

वन्संनी हातातली वाटी खाली ठेवली. त्या वाटी खाली ठेवतात तेव्हा बातमी मोठी असते. "चौपन्नाव्या वर्षी?"

"सायकलला वय सांगायची गरज नसते."

"अगं, शेवटची सायकल चालवलीस तेव्हा दोन वेण्या होत्या तुला!"

"आता एक आहे. वजन कमी झालं."

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सव्वीस घरांना कळलं, की पंपबाई सायकल घेणार. सत्ताविसाव्या घराला वन्संनी दुसऱ्या दिवशी सकाळी आवर्जून सांगितलं, ते लोक बाहेरगावी गेले होते म्हणून.

मास्तरांनी आपल्या परीने साथ दिली. त्यांनी आलेखाच्या कागदावर तक्ता आखला. उभ्या रकान्यांत सायकलींचे प्रकार, आडव्या ओळींत गुणदोष, आणि प्रत्येक चौकोनात दहापैकी गुण. तीन दिवस त्यात गेले. निकाल असा लागला की सगळ्या सायकलींना साठाच्या आसपास गुण पडले. "सगळ्या पास," मास्तर म्हणाले, आणि पेन्सिल कानावर ठेवून विचारात पडले.

बाईंची रीत वेगळी. पंप घेताना त्या कधी पंपापासून सुरुवात करत नसत. आधी विहीर बघायची, मग नळ किती लांब जातो, किती चढतो ते बघायचं, मग पंप. म्हणून रविवारी त्या पायात जुने बूट घालून, हातात वही घेऊन नऊ किलोमीटर चालून आल्या. वहीत असं लिहिलेलं होतं: घरापासून नाक्यापर्यंत डांबर, चार किलोमीटर, बरं. पुढे फुटकं डांबर अर्धा, खड्डे मोजले, एकोणचाळीस. पुढे बांध साडेतीन, माती, बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या, मधे गवत, दोन ठिकाणी कायमचा चिखल. मधेच पूल, पायऱ्या बावीस, कठडा एकाच बाजूला. शेवटी एक किलोमीटर खडी, चढ, खडी सुटी. आणि सगळ्यात खाली: बरोबर पान्यांची पिशवी, डबा, कोरडे कपडे.

ही वही घेऊन त्या दुकानात शिरल्या. दुकानदार गुळगुळीत माणूस. बोलणं गुळगुळीत, डोकंही गुळगुळीत.

"या मावशी! नातीसाठी का?"

"माझ्यासाठी."

दुकानदाराने क्षणभरच श्वास घेतला. "मग ही बघा. खास लेडीज." फिकट गुलाबी सायकल होती, पुढे वेताची टोपली.

"या टोपलीत काय ठेवायचं?"

"फुलं, भाजी... लोक मांजरसुद्धा ठेवतात."

"माझ्याकडे सहा किलो लोखंडी पाने आहेत."

टोपलीचा विषय तिथे संपला. दुकानदार पुढच्या रांगेत गेला. "कच्चा रस्ता म्हणता ना? मग डोळे झाकून ही. पुढे शॉक, मागे शॉक. टायर बघा, मगरीची पाठ! डोंगरावरून उडी मारा, काही होणार नाही."

"डोंगरावरून उडी मारायची वेळ आली तर सायकल कशाला सोबत नेऊ?" बाई म्हणाल्या. "उचलून दाखवा जरा."

"अं?"

"खांद्यावर. बावीस पायऱ्या आहेत माझ्या रस्त्यात."

दुकानदाराने मगर उचलली. बाई वही उघडून मोजायला लागल्या. "एक. दोन. तीन. पाय उचला हो, पायरी आहे समजा. चार." पाचव्या पायरीला दुकानदाराने मगर खाली ठेवली आणि हसल्यासारखं केलं.

"आणि या दोन स्प्रिंगांचं तेलपाणी कोण बघणार?" बाईंनी पुढची स्प्रिंग दाबली, सोडली, कान जवळ नेला, पुन्हा दाबली. "हलणारा भाग म्हणजे दुरुस्तीचा भाग. माझ्याकडे आधीच चार पंप हलतायत. आणि साडेचार किलोमीटर डांबरावर ही मगर घासत नेऊ?"

"डांबर जास्त आहे होय! मग ही." आता खाली वाकलेल्या हँडलची, बोटभर टायरची, चकचकीत काळी सायकल पुढे आली. "वारा आहे, मावशी."

"मातीत?"

"मातीत... जरा उतरायचं."

"साडेतीन किलोमीटर उतरायचं?"

दुकानाच्या मागच्या बाजूला जमिनीवर बसून चाकाच्या तारा आवळणारा एक म्हातारा मिस्त्री होता, त्याने मान वर केली. त्याच्या डोक्यावर, आकड्याला, एक सायकल टांगलेली होती. तिचा रंग सांगायचा तर कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यात जो असतो तो.

"ती कुठली?" बाईंनी विचारलं.

"ती सोडा. ती कशातच बसत नाही," दुकानदार म्हणाला. "ना धड रस्त्याची, ना धड डोंगराची. एकाने मागवली होती, रंग बघून पळाला."

"काढा खाली."

मिस्त्रीने ती खाली काढली. बाई उकिडव्या बसल्या आणि तिला पुढून मागे वाचत गेल्या. लोखंडी सांगाडा. पुढचं चाक धरणारा फाटा सरळ, स्प्रिंग नाही. टायर अंगठ्यापेक्षा रुंद, मनगटापेक्षा बारीक. मधे जवळजवळ सपाट म्हणजे डांबरावर पळणार, कडांना छोटे दात म्हणजे मातीत धरणार. टायर आणि फाट्याच्या मधे दोन बोटं जागा, चिखल अडकणार नाही. मडगार्ड आणि कॅरिअर बसवायला भोकं तयार. ब्रेक चकतीवर, त्यामुळे रिंग ओली झाली तरी धरणार. पुढे एक चक्र, मागे दहा, त्यातलं सगळ्यात मोठं बशीएवढं. खडीच्या चढाला तेच लागणार होतं.

त्यांनी दांडी ओलांडून उभं राहून पाहिलं. दांडीत आणि त्यांच्यात चार बोटं अंतर राहिलं. मिस्त्रीने सीट वर-खाली केली, पायडल तळाला असताना गुडघा किंचित वाकलेला राहील इतकी. मग बाईंनी सायकल खांद्यावर घेतली आणि दुकानात जागच्या जागी बावीस पावलं टाकली. सगळी गिऱ्हाइकं बघत होती. बाविसाव्या पावलाला श्वास थोडा चढला, पण चेहरा चढला नाही.

"ही," त्या म्हणाल्या.

"रंग तरी बघा, मावशी!" दुकानदार विक्री होतेय हे विसरून कळवळला.

"सांधे बघितले. रंग तुम्ही बघा, मी वर बसणार आहे. मला दिसणार नाही."

मडगार्ड, कॅरिअर, दिवे आणि घंटी बसवून मिस्त्रीने सायकल त्यांच्या हातात दिली. "बाई, हवा किती भरायची ते जरा..." तो सांगू लागला.

"हवेचं मला शिकवू नका," बाई म्हणाल्या. "सव्वीस वर्षं दाबच सांभाळतेय."

मिस्त्रीने खांदे उडवले आणि पुन्हा तारांकडे वळला. आता हे वाक्य बाईंनी बोलायला नको होतं. पण ज्याला ज्याचा गर्व असतो, तो तिथेच पाय घसरून पडतो, हे त्यांना कळायला अजून आठवडाभर अवकाश होता.

घरी गेल्यावर त्यांनी टायरच्या बाजूला कोरलेला आकडा भिंग लावून वाचला. जास्तीत जास्त पंचाहत्तर पौंड. पंप जोडला आणि पंचाहत्तर भरले. पूर्ण. एक रेघही कमी नाही. टायर वाजवून पाहिला, टण्णकन वाजला. बाई खूश झाल्या.

पहिल्या तारखेला गल्ली बाल्कनीत हजर होती. वन्सं मध्यभागी. बाई निघाल्या, आणि प्रत्येक बाल्कनीखाली त्यांनी एकेकदा घंटी वाजवली, झोपलेल्यांनाही सोडलं नाही. डांबरावर पिवळी सायकल अशी पळाली की बाईंना दोन वेण्या आठवल्या. पण बांधावर गेल्यावर तिने लाथा मारायला सुरुवात केली. खड्ड्याखड्ड्याला दात वाजायचे. दिवा हादरून खाली बघायला लागला. शेवटच्या खडीवर तर चाक दगडावरून टुणकन उडायचं आणि भलतीकडेच उतरायचं. चार दिवस बाईंनी दात आवळून सहाच्या आत पंपहाऊस गाठलं. पाचव्या दिवशी खडीवर चाक सटकलं, आणि बाई, डबा, पाने तिघे तीन दिशांना गेले.

पोचल्या तेव्हा सहा वाजून नऊ मिनिटं झाली होती. रात्रपाळीच्या माणसाने त्यांच्या कोपराचं रक्त पाहिलं आणि रजिस्टर पुढे ओढलं. "सहाच लिहितो, बाई. कोण बघतंय?"

"तिसऱ्या मजल्यावरच्या नळाने बघितलं," बाई म्हणाल्या आणि स्वतःच्या हाताने सहा वाजून नऊ मिनिटं लिहिली.

सहाव्या दिवशी त्या खडीवर उतरून चालत गेल्या. सहा वाजून सात मिनिटं. दोन उशीर झाले. महिन्याचे चोवीस दिवस बाकी होते आणि खिडकीपर्यंत उरला होता एकच उशीर.

त्या संध्याकाळी वन्सं खाली आल्या, चेहऱ्यावर दुःख आणि डोळ्यांत चमक घेऊन. "मी म्हटलं नव्हतं? साहेबांच्या बायकोची मैत्रीण माझ्या ओळखीची आहे. त्यांच्याकडे मेव्हण्यासाठी नवी घडीची खुर्ची आणलीय. काठावर बसायला."

"आणलीय का?" बाई म्हणाल्या. "पावती जपून ठेवा म्हणावं."

"अगं, कशाला हट्ट करतेस?" मास्तर म्हणाले. त्यांच्या आवाजात या वेळी पंखा नव्हता, भीती होती. ते बाईंच्या कोपरावर कापूस लावत होते. "पडलीस तेव्हा तिथे कुणी होतं का? एखाद्या दिवशी हाड मोडलं तर? नाहीतर ती स्प्रिंगवाली तरी घे."

"अहो, तुम्ही तीस वर्षं त्रिकोण शिकवलात," बाई म्हणाल्या. "तुम्हाला कुणी सांगितलं असतं, की उद्यापासून फळा नाही, नुसतं बसून मुलांच्या तक्रारी ऐका. गेला असतात?"

मास्तरांनी कापूस आणखी एकदा कोपरावर टेकवला. मग कापूस टाकून म्हणाले, "नसतो गेलो. पण कुरकुर केली असती. ती मी करणार."

"करा की. कुरकुरीला कुठे उशीर होतो?"

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. बाई पिवळी सायकल ढकलत दुकानात गेल्या. दुकानदार दारातच आनंदला. "बघा मावशी, मी म्हटलं होतं! बदलून देतो. मगर अजून आहे."

मागून मिस्त्री उठला. त्याने पुढचा टायर अंगठ्याने दाबला. अंगठा आत गेला नाही. मागचा दाबला. तोही तसाच.

"यात काय भरलंय, सिमेंट?"

"पंचाहत्तर पौंड," बाई ताठ मानेने म्हणाल्या. "लिहिलंय तेवढं."

"ते जास्तीत जास्त लिहिलंय. त्याच्या वर गेलात तर फुटेल एवढंच सांगतात ते. दारावर सहा फूट लिहिलं म्हणून प्रत्येकाने सहा फूट होऊनच आत यायचं का?"

दुकानदार हसला. बाई हसल्या नाहीत. मिस्त्री पुढे म्हणाला, "पंपाच्या नळात दाब हवा, कारण पाणी वर चढवायचंय. इथे काय चढवताय? टायर दगडावर जरा बसला पाहिजे, दगडाला धरलं पाहिजे. स्प्रिंग हवी म्हणतात ना सगळे? ही बघा तुमची स्प्रिंग." आणि टायरला दाबाचा काटा लावून त्याने हवेच्या तोटीवर नख ठेवलं.

हवा सुटायला लागली. स्स्स. सव्वीस वर्षांत या आवाजाला बाईंनी एकच अर्थ दिला होता: कुठेतरी नळ फुटला, पळा. त्यांचे हात आपोआप पुढे आले आणि त्यांनी ते पाठीमागे घट्ट धरले. काटा साठवर आला. पन्नासवर आला. त्यांच्या कपाळावर घाम आला. चाळीसला मिस्त्रीने नख काढलं.

"एवढा कमी?" बाईंच्या तोंडून निघालं. इतका बारीक आवाज त्यांच्या घशात आहे हे त्यांनाही ठाऊक नव्हतं.

"तुमच्या वजनाला पुरे. पुढे आणखी थोडा कमी चालेल. नेमका किती ते मला नाही माहीत, तुमच्या रस्त्याला माहीत."

हे शेवटचं वाक्य बाईंना पटलं, कारण ही त्यांचीच भाषा होती. जाता जाता त्या मिस्त्रीला म्हणाल्या, "त्या दिवशी तुमचं ऐकायला हवं होतं."

"कुणीच ऐकत नाही," मिस्त्री म्हणाला. "तुम्ही परत तरी आलात."

सुट्टीचा उरलेला दिवस बाई बांधावर होत्या. चाळीस घेऊन खडी चढल्या, उतरल्या. पुढे पस्तीस केले, पुन्हा गेल्या. तीस केले, तेव्हा एका दगडावर रिंग खडकन आपटली. म्हणजे तीस फार कमी. पुन्हा पंप मारून तेहतीस. डांबरावर जाऊन बघितलं, सायकल जराशी जड लागली, पण फारशी नाही. प्रत्येक फेरीचा आकडा वहीत. मास्तर नाक्यावर स्टॉपवॉच घेऊन उभे होते आणि वचन दिल्याप्रमाणे कुरकुरत होते. शेवटी ठरलं: पुढे चौतीस, मागे अडतीस. चौतिसाला चाक खडीवर उडत नव्हतं, तिला कवटाळत होतं. नऊ किलोमीटर, पायऱ्या धरून, अडतीस मिनिटं.

मग दिवस जायला लागले. पावणेसहाच्या आसपास पिवळी सायकल पंपहाऊसच्या भिंतीला टेकायची, बाई कोरडे कपडे घालायच्या, आणि सव्वासहाला काटा हिरव्या पट्ट्यात असायचा. बाल्कन्यांतली गर्दी पातळ झाली, कारण कुणी पडत नसेल तर बघायचं काय? वन्सं तेवढ्या चिकाटीने उभ्या राहायच्या. मात्र विसाव्या तारखेला समोरच्या घरातल्या एका गृहस्थांनी "काय तो रंग!" म्हटलं, तेव्हा वन्संनीच त्यांना सुनावलं, "तुमच्या गाडीचा रंग छान आहे हो. रोज धक्का मारताना बघते ना मी."

महिन्याच्या शेवटच्या दिवशी कालव्याला पाणी सोडलेलं होतं. बांध कडेकडेने पाझरत होता, चाकोऱ्यांत चिखलाचा गारा झाला होता. बाईंनी नाक्यावर थांबून दोन्ही टायरांतली हवा आणखी तीन-तीन पौंड सोडली. आता त्या आवाजाने त्यांना घाम फुटत नव्हता. मधल्या गवतावरून, एकदाही ब्रेक न आवळता, त्या पुलापाशी आल्या, सायकल खांद्यावर टाकली, बावीस पायऱ्या चढल्या, पलीकडे उतरल्या, खडी चढल्या.

पंपहाऊसपुढे साहेबांची गाडी उभी होती. साहेब हातात बदलीच्या हुकमाचं पाकीट घेऊन फेऱ्या मारत होते. एकोणीस किलोमीटर वळसा घालून, त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदा, ते इतक्या पहाटे कामावर आले होते. आणि काठावर, नव्या घडीच्या खुर्चीत, मेव्हणा बसला होता. त्याने गळ टाकलासुद्धा होता.

"अरे, आलात?" साहेब म्हणाले.

"पाळी आहे ना माझी," बाई म्हणाल्या आणि सायकल भिंतीला टेकवली.

साहेबांनी मनगटाकडे पाहिलं. पाच वाजून सत्तेचाळीस मिनिटं. त्यांनी मनगट हलवून पुन्हा पाहिलं. घड्याळ चालू होतं.

"बाई, हा काय अवतार! गुडघ्यापर्यंत चिखल. खात्याला हे शोभतं का?"

"पत्रात वेळ लिहिली होती, साहेब. शोभा लिहिली नव्हती."

"उद्या पडलात-बिडलात तर?"

"पडले होते. पाच तारखेला. नऊ मिनिटं लागली, ती रजिस्टरमध्ये आहेत."

साहेबांनी आवाज मऊ केला. "मी तुमच्याच भल्यासाठी म्हणतोय. या वयात जरा आराम. खिडकीला खुर्ची आहे, पंखा आहे, दिवसभर बसून..."

"मग यांना बसवा की," बाईंनी काठाकडे मान वळवली. आवाज त्यांचा, त्यामुळे पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले. "बसायची सवय आहे त्यांना. आणि तिथे रोज काही ना काही लागतं गळाला. इथे काय लागलंय त्यांना, विचारा."

मेव्हण्याने खुर्चीतच पाठ थोडी वळवली. पाण्याकडे फार काळजीने बघायला लागला.

"हे पाहा, एक महिना जमलं," साहेब म्हणाले. "रोज जमणार आहे का?"

"बघायला या ना रोज. फक्त पावणेसहालाच या, नंतर मला वेळ नसतो." बाई आत गेल्या आणि रजिस्टर घेऊन बाहेर आल्या. ते त्यांनी उघडून साहेबांपुढे धरलं, आणि वर पेन ठेवलं. "साहेब हजर असताना वेळ साहेबांनीच लिहावी. म्हणजे पुढे कुणाला शंका नको."

रात्रपाळीचा माणूस दारात उभा राहून डबा बांधत होता. तो एकच गाठ तिसऱ्यांदा बांधत होता. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, काठाकडे पाहिलं, मग पाकीट काखेत धरून पेन उचललं. पाच वाजून सत्तेचाळीस. खाली सही.

"आणि शेरा," बाई म्हणाल्या. "'वेळेवर'. एवढं एकच."

साहेबांनी 'वेळेवर' लिहिलं. मात्रा जरा कागद फाडून गेली.

बाईंनी रजिस्टर मिटलं, कोरडे कपडे घातले, चारही पंपांवरून एकेकदा हात फिरवला. सहा वाजले. रात्रपाळीचा माणूस निघाला, पण फाटकाशीच रेंगाळला. साहेब दारात येऊन काहीतरी बोलायला लागले. ओठ बराच वेळ हलत होते. बाईंनी तोपर्यंत दोन नंबरचा पंप चालू केला होता, त्यापाठोपाठ तीन नंबरचा. त्यांना काही ऐकू आलं नाही, आणि "काय म्हणालात?" असं त्यांनी विचारलंही नाही. त्यांची नजर काट्यावर होती. काटा चढत होता.